फूटपट्टी डेक्कन क्वीनची, मालिका बेलफास्टच्या

२ मे २०२१. रविवार, रात्रीचे नऊ. ब्रिटनमध्ये १ कोटी २८ लाख माणसं एकाच वेळी एकाच चॅनेलसमोर बसली होती. चॅनेल बीबीसी वन, मालिका 'लाइन ऑफ ड्यूटी', सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग. त्या घटकेला टीव्ही बघत असलेल्या दर शंभरांतले छप्पन्न जण हेच बघत होते.

१ कोटी २८ लाख म्हणजे नेमके किती? मुंबईची गर्दीच्या वेळची लोकल घ्या. दारात लोंबकळणारे धरून एका गाडीत चार हजार माणसं कोंबली आहेत असं समजू. भागाकार करा. ३,२०० गाड्या! आणि मध्य व पश्चिम रेल्वेच्या दिवसभरातल्या लोकलच्या फेऱ्या किती? साधारण तेवढ्याच, ३,२०० च्या आसपास. म्हणजे पहाटेच्या पहिल्या गाडीपासून मध्यरात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत एकूण एक लोकल सकाळी नऊच्या डोंबिवलीसारखी गच्च भरा, सगळ्या एकाच क्षणी थांबवा आणि आतल्या प्रत्येकाच्या डोक्यात एकच प्रश्न घाला: पोलीस खात्यातला तो चौथा फितूर कोण?

ही मालिका दिसते इंग्लंडमधल्या एका निनावी शहरातली. पहिलं पर्व बर्मिंगहॅममध्ये झालं, पण दुसऱ्या पर्वापासून सगळं चित्रीकरण हललं बेलफास्टला. उत्तर आयर्लंड! फितूर पोलिसांना पकडणाऱ्या पथकाचा प्रमुख टेड हेस्टिंग्ज रंगवणारे एड्रियन डनबार तिथल्याच एनिस्किलनचे. म्हणून ब्रिटिश मालिका आणि पॉडकास्ट यांची ही सफर लंडनहून न काढता आयर्लंडहून काढू. सोबत मोजायला एक फूटपट्टी लागेल. आपली डेक्कन क्वीन घेऊ. पुण्याहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १९२ किलोमीटर, वेळ ३ तास १० मिनिटं, म्हणजे १९० मिनिटं. कानात इअरफोन, हातात फोन, खिडकीची जागा. चला, मोजायला लागू.

आधी बेट केवढं ते बघा. आयर्लंडचं प्रजासत्ताक २०२२ च्या जनगणनेत ५१ लाख ४९ हजारांचं. उत्तर आयर्लंड २०२१ च्या गणनेत १९ लाखांचं. दोन्ही मिळून साडेसत्तर लाख. आपल्या एका पुणे जिल्ह्याची लोकसंख्या २०११ सालीच ९४ लाख होती! आख्खं बेट, त्यावरची दोन सरकारं, दोन चलनं, आणि माणसं एका जिल्ह्यापेक्षा कमी. डब्लिनहून बेलफास्टला जाणारी 'एंटरप्राइझ' गाडी १८१ किलोमीटर धावते, म्हणजे मुंबई-पुण्यापेक्षाही ११ किलोमीटर कमी. दोन तासांच्या थोडं वर लागतं आणि तेवढ्यात देश बदलतो.

देश बदलला की टीव्हीचं बिलही बदलतं. डब्लिनच्या घरात टीव्ही असेल तर वर्षाला १६० युरो परवाना शुल्क. युरो शंभर रुपयांचा धरा. १६ हजार रुपये! बेलफास्टच्या घराला ब्रिटनचा दर लागू. एप्रिल २०२५ मध्ये तो १७४ पौंड ५० पेन्स होता. पौंड ११५ रुपयांचा धरला तर २० हजार रुपये. या शुल्कातून बीबीसीकडे वर्षाला सुमारे ३८० कोटी पौंड जमतात. रुपयांत जवळपास ४३,७०० कोटी. पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक साधारण १२,६०० कोटींचं. रस्ते, पाणी, गटारं, दवाखाने, शाळा सगळ्यांसकट अशा साडेतीन पुणे महापालिका चालतील इतक्या पैशांवर एक प्रसारण संस्था चालते!

आणि आयर्लंडला या संस्थेचं वेड आजचं नाही. आयरिश टेलिव्हिजन सुरू झालं ३१ डिसेंबर १९६१ च्या रात्री. त्याआधीही पूर्व किनाऱ्यावरची आणि सीमेजवळची घरं छपरावर उंचच उंच अँटेना उभारून ब्रिटिश चॅनेलं पकडत होती. मधला समुद्र डब्लिन ते होलीहेड सुमारे ११० किलोमीटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा. म्हणजे कळंबोलीला चाललेला कार्यक्रम देहूरोडच्याही पुढे बसून, हवेतून ओढून बघण्यासारखं.

आता मालिका. पहिली 'डेरी गर्ल्स'. लिसा मगी यांची, चॅनेल फोरवर २०१८ ते २०२२. नव्वदच्या दशकातलं डेरी शहर, कॅथलिक मुलींची शाळा, तिथल्या चार मैत्रिणी आणि त्यांच्यात अडकलेला एक इंग्रज मुलगा. रस्त्यात लष्कराची तपासणी, पुलावर बॉम्बची धमकी, आणि या पोरींची काळजी काय, तर आज शाळेला उशीर होणार. हसून हसून पोट दुखतं.

पहिल्या पर्वाला उत्तर आयर्लंडमध्ये सरासरी ५ लाख १९ हजार प्रेक्षक होते. आकडा लहान वाटला? थांबा. प्रदेश १९ लाखांचा आहे. दर शंभरांतले सत्तावीस झाले. हेच प्रमाण महाराष्ट्राला लावा. २०११ ची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख, त्याचे सत्तावीस टक्के म्हणजे ३ कोटींहून अधिक मराठी माणसं एकाच मालिकेसमोर! २००२ पासूनच्या नोंदींत उत्तर आयर्लंडमध्ये एवढी बघितली गेलेली मालिका दुसरी नव्हती.

याच मालिकेच्या पाठीमागे दुसरा एक आकडा उभा आहे. उत्तर आयर्लंडमधल्या तीस वर्षांच्या संघर्षात साडेतीन हजारांवर माणसं मेली. तिथली लोकसंख्या तेव्हा पंधरा-सोळा लाख. महाराष्ट्राच्या मापात आणलं तर सुमारे अडीच लाख मृत्यू होतात. एवढं झाल्यावर त्या भूमीनं स्वतःवर हसणारी मालिका लिहिली आणि तिचा शेवट १९९८ च्या शांतता कराराच्या सार्वमताशी आणून ठेवला. पूर्ण मालिका किती लांब? १९ भाग, आठ तासांच्या आत. डेक्कन क्वीननं पुण्याहून मुंबई, मुंबईहून पुणे, आणि पुन्हा निघालात की कर्जतच्या आसपास संपली.

दुसरी 'नॉर्मल पीपल'. सॅली रूनी यांच्या कादंबरीवरची, डब्लिनच्या एलिमेंट पिक्चर्सनं बीबीसीसाठी केलेली. स्लायगो परगण्यातलं गाव, मग डब्लिनचं ट्रिनिटी कॉलेज, एक मुलगा, एक मुलगी, आणि दोघांना नीट बोलता न येणं. गोष्ट एवढीच. एप्रिल २०२० मध्ये, सगळं जग घरात कोंडलेलं असताना, बाराही भाग एकदम आले. त्या वर्षात बीबीसीच्या आयप्लेअरवर या भागांसाठी ६ कोटी २७ लाख वेळा बटण दाबलं गेलं. भाग साधारण अर्ध्या तासाचा. प्रत्येकानं दाबलेला भाग पुरता पाहिला असं धरून गुणाकार करा. ३ कोटी १३ लाख तास. दिवस करा, वर्षं करा. साडेतीन हजारांहून अधिक वर्षं! शिवराज्याभिषेकाला आत्ता कुठे साडेतीनशे वर्षं झाली. त्याच्या दहापट काळ माणसांनी दोन लाजऱ्या आयरिश पोरांकडे बघत घालवला, तोही एका वर्षात, एका देशात. तुमच्या वाट्याला मात्र सहा तासच. डेक्कन क्वीननं जाऊन-येऊन एक फेरी, खलास.

साडेतीन हजार वर्षांनी डोळे विस्फारले असतील तर ते तसेच ठेवा. 'अ‍ॅडोलेसन्स' येत आहे. नेटफ्लिक्सवर २०२५ मध्ये आलेली ब्रिटिश मालिका. फक्त चार भाग. प्रत्येक भाग एका दमात चित्रित केलेला, मध्ये एकही काट नाही. कॅमेरा घरात शिरतो, पोलिसांच्या गाडीत बसतो, शाळेच्या जिन्यावरून पळतो, आणि थांबत नाही. तेरा वर्षांच्या मुलावर खुनाचा आरोप आणि त्याच्या आईबापांचं काय होतं, एवढा विषय. हा मुलगा रंगवणाऱ्या ओवेन कूपरला पंधराव्या वर्षी एमी पुरस्कार मिळाला. पहिल्या ९१ दिवसांत ही मालिका जगानं बघितली ५४ कोटी ६५ लाख तास. वर्षांत? ६२ हजार! अजिंठ्यातली सगळ्यात जुनी लेणी सुमारे २,२०० वर्षांपूर्वीची. पहिल्या छिन्नीच्या पहिल्या घावापासून आजपर्यंतचा काळ घ्या आणि तो अठ्ठावीस वेळा एकापुढे एक मांडा. तेवढा वेळ तीन महिन्यांत गेला! आणि मालिकेची लांबी ३ तास ५० मिनिटं. डेक्कन क्वीन चाळीस मिनिटं लेट झाली, असं समजा.

पैशांची उंची बघायची तर बेलफास्टच्या टायटॅनिक क्वार्टरमध्ये चला. 'टायटॅनिक' जहाज बांधणाऱ्या हारलँड अँड वुल्फ कंपनीचा तिथे जुना पेंट हॉल आहे. जहाजांचे सुटे भाग रंगवायची ही जागा होती. चार दालनं, प्रत्येकी सुमारे १६ हजार चौरस फूट, उंची ९० फूट. साडेसहाशे चौरस फुटांचा फ्लॅट धरला तर एका मजल्यावर अठ्ठ्याण्णव फ्लॅट, असे नऊ मजले. जवळपास ९०० फ्लॅटची सोसायटी मावेल एवढ्या पोकळीत 'गेम ऑफ थ्रोन्स'चे सेट उभे राहिले. मालिका अमेरिकी पैशांची, पण बहुतेक नट ब्रिटिश आणि आयरिश. शेवटच्या पर्वात एका भागाचा खर्च दीड कोटी डॉलरपर्यंत गेल्याच्या बातम्या होत्या. रुपयांत सव्वाशे कोटी. आपला 'सैराट' सुमारे चार कोटींत झाला म्हणतात. म्हणजे एका भागात तीसेक 'सैराट'! त्यातल्या एका मोठ्या लढाईचं चित्रीकरण ५५ रात्री चाललं आणि पडद्यावर तो भाग ८२ मिनिटांचा. रात्रभर थंडीत, चिखलात, धुरात शेकडो माणसं राबली आणि एका रात्रीची कमाई काय? दीड मिनिट.

मग त्याच बेलफास्टमध्ये 'ब्लू लाइट्स' बघा. ड्रॅगन नाही, किल्ला नाही. नव्यानं भरती झालेले पोलीस, त्यांची गस्तीची गाडी, आणि असा मोहल्ला जिथे पोलिसाचा गणवेश दिसला की घरांची दारं बंद होतात. २०२३ मध्ये सुरू झाली, सहा-सहा भागांची तीन पर्वं आली, आणि दुसऱ्या पर्वाला २०२५ चा सर्वोत्कृष्ट मालिकेचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. अठरा तास. पासधारकानं डेक्कन क्वीननं तीन दिवस जा-ये केली की झाली. 'द फॉल'ही इथलीच, १७ भागांची. जिलियन अँडरसन पोलीस अधिकारी आणि बेलफास्टजवळच्या हॉलीवुड गावचा जेमी डॉर्नन खुनी. खुनी कोण ते पहिल्या भागातच सांगून टाकतात आणि तरी नखं कुरतडायला लावतात. 'लाइन ऑफ ड्यूटी'चे भाग ३६, वेळ सुमारे ३७ तास. डेक्कन क्वीनच्या बारा फेऱ्या. सोमवारी सकाळी सुरू करा, शनिवारी रात्री पुण्याच्या फलाटावर चौथा फितूर कळेल.

आता डोळ्यांना विश्रांती, काम कानांना. बीबीसीचं 'द लाझारस हाइस्ट' हे पॉडकास्ट उत्तर कोरियाच्या हॅकर चोरांवर आहे आणि त्यात आपलं पुणं आहे! ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर दरोडा पडला. मुखवटे नाहीत, बंदुका नाहीत. २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी दोन तासांच्या थोडं वर इतक्या वेळात १२ हजारांवर वेळा पैसे निघाले. पुढे बँकेतून परस्पर परदेशी वळवलेली रक्कम धरून एकूण गेले ९४ कोटी रुपये. डब्लिनहून सुटलेली 'एंटरप्राइझ' बेलफास्टला पोचायच्या सुमाराला एटीएमचा खेळ आटोपलासुद्धा! दर मिनिटाला नव्वद वेळा कुठल्या ना कुठल्या देशात नोटा बाहेर पडत होत्या.

'एम्पायर' हे दुसरं पॉडकास्ट. विल्यम डॅलरिंपल आणि अनिता आनंद यांचं, २०२२ पासूनचं. सुरुवातच ईस्ट इंडिया कंपनीपासून होते आणि पुढे आयर्लंडही येतं. तिसरं 'इन अवर टाइम'. मेल्विन ब्रॅग यांनी १९९८ ते २०२५ चालवलेलं. तीन अभ्यासक, एक विषय, पाऊण तास. त्यातला आयर्लंडच्या महादुष्काळावरचा भाग शोधून ऐका. १८४५ नंतर बटाट्याचं पीक कुजलं, सुमारे दहा लाख माणसं मेली, आणखी तितकीच देश सोडून गेली. १८४१ च्या गणनेत या बेटावर ८१ लाख ७५ हजार माणसं होती. आणि २०२१-२२ च्या गणनांत? साडेसत्तर लाख. पावणेदोनशे वर्षं उलटली, बाकीचं जग कितीतरी पट फुगलं, आणि हे बेट अजून आपल्या जुन्या आकड्यापर्यंत परतलेलं नाही.

'इन अवर टाइम'चे भाग हजारावर गेलेत. हजार गुणिले पाऊण तास, साडेसातशे तास. डेक्कन क्वीनच्या २३७ फेऱ्या. रोज जा-ये करून जवळपास चार महिने. बरंच झालं, नाही? अजून काहीच झालं नाही.

बीबीसी रेडिओवर 'दि आर्चर्स' नावाची श्रुतिका आहे. इंग्लंडच्या खेड्यातली माणसं, गाई, शेतं, भांडणं. सुरू झाली १ जानेवारी १९५१ ला. भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूकसुद्धा तेव्हा व्हायची होती! आजवर २० हजारांहून अधिक भाग झाले. एक भाग साधारण १३ मिनिटांचा. एकूण २ लाख ६० हजार मिनिटं. न झोपता, न जेवता ऐकलं तर १८० दिवस. डेक्कन क्वीनच्या १,३६८ फेऱ्या. आता फेऱ्यांचे किलोमीटर करा. २ लाख ६२ हजार! पृथ्वी ते चंद्र सरासरी ३ लाख ८४ हजार किलोमीटर. म्हणजे लोणावळा, कर्जत, कल्याण करत करत तुम्ही चंद्राची दोन-तृतीयांश वाट कापली आणि कानात अजून गाई हंबरताहेत.

उरलेली वाट? 'कॉरोनेशन स्ट्रीट' आहे ना! ९ डिसेंबर १९६० पासून चालू. आपली 'चार दिवस सासूचे' तीन हजारांवर भाग चालली तेव्हा आपण हात जोडले होते. इथे भाग ११ हजारांवर गेलेत. भाग २३ मिनिटांचा धरा. आणखी १,३३१ फेऱ्या, आणखी २ लाख ५५ हजार किलोमीटर. बेरीज करा. ५ लाख १८ हजार! चंद्र आला, चंद्र गेला, डेक्कन क्वीन वळली आणि परतीची एक-तृतीयांश वाटही संपली. एक श्रुतिका आणि एक मालिका. फक्त दोन!

म्हणून या दोन्हींच्या नादी लागू नका. 'आर्चर्स'चे सगळे जुने भाग आज ऐकायला मिळतही नाहीत. ब्रिटिश आणि आयरिश लेखकांचं खरं बळ त्या ११ हजारांत नाही. ते सहा भागांत आहे, चार भागांत आहे. सांगायचं तेवढं सांगून वेळेवर थांबण्याची हिंमत त्यांच्याकडे आहे. आणि साडेसत्तर लाखांच्या बेटानं जगाचे किती तास ओढून घेतले, ते आपण आत्ताच मोजलं. त्याच बेटावरच्या प्रजासत्ताकात २०२२ च्या गणनेत भारतीय नागरिक ४५ हजारांवर होते, जेमतेम अकरा लोकल भरतील एवढे. आणि मालवण तालुक्यातल्या वराडहून आलेल्या आडनावाचे लिओ वराडकर तिथे २०१७ मध्ये पंतप्रधानही झाले. लहान आकड्यांना हसायचं नसतं.

तर यादी पक्की करू. 'डेरी गर्ल्स' आठ तास, 'नॉर्मल पीपल' सहा, 'अ‍ॅडोलेसन्स' चार, 'ब्लू लाइट्स' अठरा, 'द फॉल' सतरा, 'लाइन ऑफ ड्यूटी' सदतीस. एकूण नव्वद तास. रोज एक तास दिला तर तीन महिने. पॉडकास्ट प्रवासात ऐका, त्यांना वेगळा वेळ काढावा लागत नाही. 'अ‍ॅडोलेसन्स' घरात वयात येणारी मुलं असतील तर त्यांच्यासोबत बसून बघा. 'द फॉल' एकट्यानं रात्री बघू नका. आणि सुरुवात कुठून, असं विचाराल तर 'डेरी गर्ल्स'पासूनच. पहिला भाग पंचवीस मिनिटांच्या आसपास आहे.